न कापलेले बाण

मे महिन्यातल्या एका सकाळी बदलापूरहून फोन आला. तिथल्या मैदानावर मुलींना धनुर्विद्या शिकवणारे एक प्रशिक्षक आहेत. माझी बायको रविवारी त्यांच्या मदतीला जायची. ती गेल्याला तेव्हा अर्धं वर्ष होत आलं होतं. आधी त्यांनी माझ्या तब्येतीची चौकशी केली, मग उन्हाळ्याची, मग पुन्हा तब्येतीची. शेवटी म्हणाले, "सर, मॅडमचे बाण कुणाला देऊन टाकले नाहीत ना?"

नाही, म्हटलं.

"मग एवढे घेऊन या. आमच्या जिराफाला लागतील."

जिराफ म्हणजे त्यांची एक शिष्या. तिला मी पाहिलं होतं. बायकोला शेवटचं बघायला मैदानावरच्या सगळ्या मुली आमच्या घरी आल्या होत्या आणि ही सर्वांत मागे उभी राहूनही तिचा चेहरा दिसत होता. उंच माणसाचे हात लांब असतात आणि लांब हाताला लांब बाण लागतो. आखूड बाण पूर्ण ओढला तर त्याचं टोक धनुष्यावरून मागे घसरतं आणि सुटताना थेट धनुष्य धरलेल्या हातात घुसू शकतं. मैदानावरचे सगळे बाण तिला आखूड होते. जिल्ह्याची निवड चाचणी पुढच्याच्या पुढच्या रविवारी होती आणि नवे बाण मागवून ते येईपर्यंत चाचणी होऊन गेली असती. माझी बायकोही उंच होती, माझ्याहून चार बोटं. लग्नात फोटो काढणाऱ्याने मला पाटावर उभं केलं होतं.

बाणांची पिशवी आमच्या अंबरनाथच्या घरी पुस्तकांच्या कपाटाला टेकून उभी होती. केर काढताना मी तिच्याभोवतून झाडू फिरवायचो. ती मी त्या दिवशी पहिल्यांदा उचलली. वाटली होती त्यापेक्षा बरीच हलकी निघाली. कार्बनचे बाण आतून पोकळ असतात हे मला तोवर माहीत नव्हतं. मी उल्हासनगरच्या एका कॉलेजात ग्रंथपाल आहे. बायको शाळेत खेळ शिकवायची. घरी आल्यावर ती तिच्या कामाचं बोलायची, मी माझ्या कामाचं, आणि दोघंही एकमेकांचं अर्धंच ऐकायचो.

मैदानावर मुलीने एक बाण छातीला टेकवून दोन्ही हात त्याच्या कडेने पुढे लांब केले, प्रशिक्षकांनी टोकाकडे पाहिलं आणि म्हणाले, "बरोब्बर. जणू मोजून केलाय."

अडचण दुसऱ्या टोकाला होती. बाणाच्या शेपटाशी प्लॅस्टिकचा एक छोटा तुकडा असतो, नखाएवढा, त्याला खाच असते आणि त्या खाचेत धनुष्याची दोरी बसते. त्याला सगळे नॉक म्हणतात. मुलीच्या धनुष्याची दोरी जाड होती. बायकोच्या नॉकच्या खाचा बारीक. दोरी आत जाईना.

"नॉक बदलू. दोन मिनिटांचं काम," प्रशिक्षक म्हणाले. "हे नुसते दाबून बसवलेले असतात. पिळलं की निघतात."

त्यांनी पिळला. निघाला नाही. दुसरा घेतला, तोही नाही. मग त्यांनी खिशातून पक्कड काढली, दात आवळून जोर लावला, आणि करकर असा बारीक आवाज झाला. नॉक अर्धा तुटून हातात आला. अर्धा नळीतच राहिला. त्यांनी नळी उन्हात धरून फिरवली, मग वाकवून कानाशी नेली.

"चीर गेली," ते म्हणाले, आणि पुढच्या क्षणी त्यांनी तो बाण गुडघ्यावर घेऊन मोडला.

माझ्या तोंडून काहीतरी निघालं असावं, कारण ते ओशाळले. "सॉरी सर. पण चीर गेलेला बाण ठेवायचाच नसतो. कुणी चुकून मारला तर हातात फुटतो."

मुलगी खाली बघत होती. मोडलेल्याचा शेपटाकडचा तुकडा मी उचलून खिशात ठेवला.

"मॅडमनी चिकटवलेत बहुतेक," ते म्हणाले. "आता एकच इलाज. शेपटाकडून बोटभर कापायचे आणि नवे नॉक बसवायचे."

"मग मला पुरतील का?" मुलीने विचारलं.

"नाही पुरणार."

"मी हात थोडा आखडून ओढीन ना, सर."

"हात आखडून ओढायचं असेल तर घरी बस आणि कॅरम खेळ."

ती हसली नाही. मी म्हणालो, "कापू नका. मला थोडे दिवस द्या. मी काढतो."

प्रशिक्षकांनी माझ्याकडे पाहिलं. माझ्या हातांकडेही पाहिलं. "काढा. पण आच दाखवू नका, कार्बन आतून सुटतो. उकळतं पाणीसुद्धा नको. आणि हे बघा, चाचणीत एका फेरीला सहा बाण लागतात, सगळे एकसारखे, नॉकसुद्धा एकसारखे. एकदोन जास्तीचे हवेत. म्हणजे आता फार मोडून चालणार नाही."

घरी येताना मला एका गोष्टीचं कोडं पडलं होतं. बायको असं करणारी नव्हती. नॉक सुटा राहिला पाहिजे, फुटला की पटकन बदलता आला पाहिजे, हे तिला माझ्यापेक्षा शंभर पटींनी ठाऊक होतं. तिने चिकटवले नसणार. पण चिकटवलेले तर होते.

चिकटवलेलं सोडवणं माझ्या कामाचा भाग आहे. ग्रंथालयात जुनी पुस्तकं बांधणीला काढली की पाठीवरचा जुना थर आधी सोडवावा लागतो. खळ असेल तर ओल्या फडक्याने सुटते. सरस असेल तर ऊब लागते. अलीकडचा पांढरा गोंद दोन्हीला दाद देत नाही, तो सुरीने सोलावा लागतो. आधी काय लावलंय ते ओळखायचं आणि मगच हात लावायचा, एवढं मला येत होतं. खिशातला तुकडा मी टेबलावर ठेवला आणि नळीत अडकलेल्या अर्ध्या नॉकच्या कडेने सुई फिरवली. मधाच्या रंगाची भुकटी पडली. काचेसारखी ठिसूळ. पाण्यात टाकली, विरघळली नाही. चमच्यात घेऊन चमचा गॅसपासून वर धरला, तर ती मऊ झाली, चकाकली, आणि वास आला.

तो वास आमच्या घरचा नव्हता. तो तिच्या माहेरचा होता. वांगणीला त्यांच्या घरी देवाचं काही असलं की मशालीवर चिमूटभर राळ टाकतात, भप्पकन जाळ उठतो, आणि नंतर बराच वेळ ओटीवर हाच वास राहतो.

मग सगळं जुळत गेलं. दर खंडेनवमीला बायको धनुष्य आणि बाण घेऊन माहेरी जायची. ते शेतकरी घर. विळे, कोयते, कुऱ्हाड, पहार, सगळं धुऊन एका ओळीत मांडायचं आणि पूजा करायची. तिच्या धनुष्याला त्या ओळीत पहारीच्या शेजारी जागा असायची. गेल्या खंडेनवमीला ते सामान तिथेच राहिलं आणि ती दिवाळीनंतर ते घेऊन आली. आल्यावर तिला ताप भरला. ते बाण तिने पुन्हा मारलेच नाहीत.

दुसऱ्या दिवशी कॉलेज सुटल्यावर उल्हासनगरच्या कॅम्प पाचमधल्या एका हार्डवेअरच्या दुकानात गेलो. दुकानदार वयस्कर सिंधी गृहस्थ.

"बारीक पक्कड पाहिजे. आणि आत रबर लावलेली मिळेल का?"

"किस के लिए, साईं?"

"बाण आहेत. त्यांच्या मागचा तुकडा काढायचाय."

"बाण? तीर?" त्यांनी चष्मा वर केला. "इस उमर में शिकार पे निकले हो?"

"खेळाचे आहेत."

"अडकला तो काट दो ना. इधर सब काटते हैं."

"कापायचा नाहीये."

"तो गरम करो. गरम से सब छूटता है. मेरा जमाई छोड के. वो दुकान में बैठा है तीन साल से, हिलता नहीं." आतून कुणीतरी "पप्पा!" म्हणून ओरडलं. त्यांनी मला पक्कड दिली आणि सायकलच्या जुन्या ट्यूबचा एक तुकडा कापून दिला. "ये लपेटो, दाग नहीं पडेगा."

शनिवारी सकाळीच वांगणीला गेलो. सासूबाई ओटीवर सूप घेऊन वाल निवडत बसल्या होत्या. आमचं एकमेकांशी बोलणं कायम बेताचं. त्या मला जावई म्हणून मान द्यायच्या, मीही अंतर राखून असायचो, आणि मध्ये जी बोलायची ती आता नव्हती. माझ्या हातात बाणांची पिशवी दिसली तशी त्यांनी मान फिरवली. बाराव्या-तेराव्यालाही त्या आमच्या घरी आल्या होत्या तेव्हा कपाटाकडे पाठ करूनच बसल्या होत्या. लेकीची वस्तू बघवत नसेल, असं मी धरून चाललो होतो.

मेव्हण्याची बायको आतून पाणी घेऊन आली. "आई, भावोजींना आत तरी बोलवा. उन्हात काय बसवताय?"

"मी इथेच बरा," म्हटलं. "वहिनी, एक टोप पाणी तापवायला मिळेल का?"

"चहा करतेय की."

"चहा नको, नुसतं पाणी. आणि स्टोव्ह इथे बाहेर आणता आला तर बरं."

त्या चकित होऊन आत गेल्या. मी सासूबाईंना कसं विचारायचं ते गाडीत ठरवून आलो होतो. ते ठरवलेलं सगळं तोंडाशी आल्यावर बिनकामाचं वाटलं. मी पिशवीतून एक बाण काढून ओटीवर अंथरलेल्या गोधडीवर ठेवला आणि म्हणालो, "आई, ह्याला राळ तुम्ही लावलीत का?"

त्यांचे हात सुपात थांबले.

"मी रागावून विचारत नाही. मला कामासाठी पाहिजे. सगळ्यांना राळच लावलीय की दुसरंही काही?"

त्यांनी वालातला एक खडा वेचून ओटीखाली टाकला. मग म्हणाल्या, "राळच. तेल घालून वितळवली."

"कधी?"

"खंडेनवमीला. कोयते धुतले तसे हे पन धुवायला घेतले. फडक्यानं पुसला तर मागचा तुकरा निघून माज्या हातान आला." त्यांनी तळहात उघडून माझ्यापुढे धरला, जणू तो अजून तिथे होता. "पूजेच्या दिवशी हत्यार मोडला माज्या हातान. मना घाम फुटला. पोर अंगनात होती. तिला सांगायचा धीर नाय झाला. राळ लावून बसवला. मग वाटला, बाकीचे पन सैल असतील, मारताना निघतील, तिला लागेल. म्हनून सगल्यांना लावली."

"आणि मग?"

"मग काय. दिवालीनंतर पोर गेली." त्या सुपाकडे बघत होत्या. "मोडलेला हत्यार मी देवापुढं ठेवला ना, जावय. तवापासून मी कोनाला बोलले नाय."

मुलगी, निवड चाचणी, सहा बाण, हे सगळं डोक्यात होतं, आणि त्यात हे आलं. बोलून समजावण्यात मी कच्चा आहे. वहिनींनी स्टोव्ह आणि टोप आणून ठेवला, आमच्या दोघांच्या तोंडाकडे पाहिलं आणि आत गेल्या.

पाणी तापेपर्यंत मी खिशातला मोडका तुकडा काढला. पहिला प्रयोग त्याच्यावर करायचा होता. टोपाच्या तळाशी बारीक बुडबुडे दिसायला लागले तशी ज्योत कमी केली. उकळी फुटू द्यायची नव्हती. राळ मऊ होईल आणि नळीला इजा होणार नाही, एवढीच ऊब हवी होती. तुकड्याचं टोक पाण्यात धरलं, मनात वीस आकडे मोजले, बाहेर काढून सुईने ढकललं. तुटका नॉक लोण्यातून निघावा तसा सरकून आला.

मग खऱ्या बाणाची पाळी. शेपटापासून जरा वर प्लॅस्टिकच्या तीन पात्या असतात, त्या गरम पाण्याने वाकड्या होतात. म्हणून फक्त नॉकपुरताच भाग बुडवायचा आणि बाण हाताने तोलून धरायचा. एवढा लांब बाण मला एकट्याला तोलेना. सासूबाई बघत होत्या. त्यांनी सूप बाजूला सारलं, पुढे सरकल्या आणि बाण टोकाकडून धरला. "तुमी खालचा बघा," म्हणाल्या.

मी बाहेर काढला, रबर गुंडाळलं, पक्कड लावली. जोर लावला नाही. नुसता पीळ दिला आणि थांबलो. किंचित हलला. पुन्हा पाण्यात. पुन्हा पीळ. तिसऱ्या वेळी नॉक फिरला आणि अखंड बाहेर आला. त्याच्या बुडाला राळेचं पिवळं कडं लागलेलं होतं. नळी मी उन्हात धरून फिरवली, वाकवून कानाशी नेली. काही आवाज नाही.

"मोडला?" त्यांनी विचारलं.

"नाही. निघाला."

मी पिशवीतून प्रशिक्षकांनी दिलेली नव्या नॉकची पुडी काढली. नळीचं तोंड कोरड्या फडक्याने पुसलं, नवा नॉक ठेवला, अंगठ्याने दाबला. टक् झालं. मग त्यांच्यासमोर तोच दोन बोटांत धरून पिळला आणि काढून त्यांच्या हातावर ठेवला.

"आई, हा निघण्यासाठीच केलेला असतो. एक फुटला की दुसरा बसवायचा. ती दर महिन्याला काढायची, घालायची. तुमच्या हातात आला तेव्हा काही मोडलं नव्हतं."

त्यांनी तो तुकडा निरखून पाहिला. "मग पोर मना बोलली का नाय?"

"तिला कळलंच नाही. ती मारायला गेलीच नाही त्यानंतर."

"कललं असतं तर?"

"हसली असती. 'आई, तू पण ना,' म्हणाली असती. आणि मग माझ्यासारखीच इथे बसून काढत बसली असती."

त्या हसल्या नाहीत. पण पुढचा बाण त्यांनीच पिशवीतून ओढून काढला आणि टोपाकडे धरला.

दुपारपर्यंत आम्ही बसलो होतो. काही सहज आले, काहींनी वेळ घेतला. एकदा पाणी जास्त तापलं आणि मी घाबरून बाण बाहेर ओढला, पातीला वाफ लागून ती जरा सुरकुतली. तो वेगळा ठेवला. वहिनी जेवायला बोलवून गेल्या, परत येऊन म्हणाल्या, "आमच्याकडे एवढे दिवस जावई आलेत, पण सासूला कामाला लावणारा हाच पहिला." सासूबाई म्हणाल्या, "तू तुजी भाकर बघ." एक बाण मात्र हटून बसला. बहुधा त्याला राळ जास्त लागली होती. मी पक्कड खाली ठेवली. मनात आलं होतं की एकदा जोर लावून बघावा, पुरेसे तर झालेच आहेत. पण नाही लावला. जेवून आलो, पाणी पुन्हा तापवलं, आणि मग कितीही वेळ जावो असं ठरवून बसलो. ऊन ओटीवरून अंगणात उतरलं तेव्हा तो निघाला.

नवे नॉक बसवताना त्यांना एक दाखवावं लागलं. तीन पात्यांपैकी एक वेगळ्या रंगाची असते, आणि नॉकची खाच तिच्याशी ठरावीक कोनात यावी लागते, नाहीतर पाती धनुष्याला घासते. प्रशिक्षकांनी मला ते कागदावर काढून दिलं होतं. मी कागद बघून बसवत होतो. त्या बसवलेला पहिला बाण समोर ठेवून त्याच्याकडे बघून बसवत होत्या. दोघांचे सारखेच झाले.

निघताना त्या म्हणाल्या, "त्या पोरीला मारताना मना बघायचंय. मी हिला कदी बघितलाच नाय मारताना. नुसती हलद-कुकू लावली."

चाचणीच्या आदल्या दिवशी मी त्यांना बदलापूरला घेऊन गेलो. मैदानाच्या कडेला गुलमोहराखाली प्रशिक्षकांनी त्यांना खुर्ची दिली. त्या बसल्या नाहीत. प्रशिक्षकांनी एकेक बाण तपासला, वाकवून कानाशी नेला, आणि मुलीकडे दिला. सुरकुतलेल्या पातीचा तेवढा परत ठेवला. मुलीने दोरी नॉकच्या खाचेत बसवली, बोटाने वर हलकेच टिचकी मारली. दोरी सुटली, म्हणजे खाच हवी तेवढीच घट्ट होती. तिने प्रशिक्षकांकडे पाहून मान हलवली, पुन्हा बसवली आणि ओढला. हात पूर्ण मागे गेला, हनुवटीपर्यंत. टोक धनुष्याच्या पुढे होतं, दोन बोटं तरी. सासूबाईंनी माझ्या मनगटाला धरलं.

बाण गेला. कुठे लागला ते मला एवढ्या लांबून दिसलं नाही, पण मुलीच्या तोंडावरून कळलं. तिने उरलेले मारले आणि सगळी मंडळी ते काढायला गेली. परत आल्यावर सासूबाई पुढे झाल्या. "बघू," म्हणाल्या, आणि तिच्या हातातला एक बाण घेतला.

त्यांनी शेपूट दोन बोटांत धरलं आणि पिळलं. नॉक निघून त्यांच्या तळहातावर आला. प्रशिक्षक काही बोलायला लागले, मी त्यांना थांबवलं. सासूबाईंनी तो तुकडा पदराने पुसला. मग रंगीत पाती समोर घेऊन त्यांनी तो पुन्हा नळीवर ठेवला आणि अंगठ्याने दाबला.

"आजी, सरळ बसलाय ना?" मुलीने वाकून विचारलं. "नाहीतर उद्या माझा बाण दुसऱ्याच्या बोर्डावर जाईल."

"बसलाय गो," त्या म्हणाल्या आणि बाण तिच्या हातात दिला. "जा, मार."